आत्ता सूट, नंतर भरणा

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. टायर कंपनीनं दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. बायको, मल्लम्मा, म्हणाली, दोन महिने वाया गेले. बायकांना विचार करणं आणि वाया घालवणं यातला फरक कळत नाही.

विषय एकच. म्हातारपण. वय चोपन्न. उमरग्यात हायवेला स्वतःचं डिझेल गॅरेज, हाताखाली चार माणसं. बोर्डावर नाव गुरुसिद्धप्पा, पण सोलापूरपासून हुमनाबादपर्यंत सगळे अण्णाच म्हणतात. सगळं आहे, पेन्शन नाही. मुरूम रोडचा प्लॉट विकला त्याचे सहा लाख बँकेत पडून आहेत. ते एकतीस मार्चच्या आत म्हातारपणासाठी लावायचे. कसे, एवढाच प्रश्न.

माहिती काढली. विचारली नाही, ऐकली. कँटीनमध्ये माझ्या पाठीमागच्या टेबलावर दोन मास्तर रोज बसतात. रस्ते दोन. जुना टॅक्स रेजीम घ्या आणि पैसे एनपीएसमध्ये टाका: तेवढ्या कमाईवर आत्ता टॅक्स नाही, पण पैसे साठीपर्यंत कुलपात, आणि पुढं पेन्शन येईल तिच्यावर टॅक्स. नाहीतर नवा रेजीम घ्या, आत्ता टॅक्स भरून मोकळे व्हा, उरलेलं पीपीएफमध्ये टाका, पंधरा वर्षांनी निघेल ते सगळं आपलं. म्हणजे आत्ता सूट नंतर भरणा, किंवा आत्ता भरणा नंतर सूट. एवढं सांगायला मास्तरांना तीन चहा लागले. मला एकात कळलं.

५ मार्च. सकाळी ७.
उठलो तर उजवा कान बंद. आत बारीक शिट्टी. कुठंतरी हवा लीक होतेय म्हणून गॅसची नळी बघितली, बाथरूम बघितलं, बाहेर जाऊन स्कूटरचं टायर बघितलं. शिट्टी माझ्याबरोबर येते. मळ असणार. कोमट तेल घातलं.

उजव्या कानाबद्दल लिहून ठेवायला हवं, कारण गॅरेज म्हणजे तोच. रबरी नळीचं एक टोक कानात घालायचं, दुसरं चालू इंजिनावर फिरवायचं. कुठल्या सिलिंडरचं बेअरिंग चाललंय, कुठला इंजेक्टर आळशी झालाय, मी नटाला हात न लावता सांगतो. गाडी लांब पल्ल्याला निघाली की आधी अण्णांचा कान लावून घ्यायचा, हा इथल्या ड्रायव्हरांचा रिवाज. डावा कान फक्त माणसांसाठी.

७ मार्च. दुपारी.
मल्लम्मानं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरसवदा. एक चिमटा वाजवून कानाशी धरला, मग कपाळाला टेकवला. म्हणाले, मळ नाही काका, नस आहे. अशी अचानक जाते. गोळ्या आजपासून, उद्या सोलापूरला तपासणी, लागलं तर कानात इंजेक्शन, आणि महिनाभर इंजिनाच्या आवाजात जायचं नाही. मी विचारलं, एप्रिलमध्ये केलं तर. ते म्हणाले, पहिले दोन आठवडे आपल्या हातात असतात. नंतर नसही ऐकत नाही आणि आम्हीही काही करू शकत नाही.

मार्चमध्ये महिनाभर सुट्टी. ऊस संपत आलाय, ढोकीच्या साखर कारखान्याच्या सगळ्या गाड्या आता तपासायला येणार. शिवाय टॅक्सचा निर्णय. डॉक्टरनं गॅरेज चालवलेलं दिसत नाही.

मेडिकलच्या काउंटरवर दोघं बोलत होते, असल्या गोळ्यांनी साखर वाढते. मला साखर नाही. पण नसलेली गोष्ट वाढायला कितीसा वेळ लागतो. गोळ्या विकत घेतल्या. कपाटात ठेवल्या.

८ मार्च.
शिवप्रियाचा फोन. लेक सोलापूरला कॉलेजात शिकवते, आवाज वर्गातलाच. म्हणाली, अप्पा, मी गाडी घेऊन येते, उद्याच तपासू. मी म्हणालो, एकतीसनंतर. तिनं विचारलं, फोन कुठल्या कानाला लावलाय. मी म्हणालो, नेहमीच्या. खोटं नाही. तीन दिवस तोच लावतोय.

१० मार्च.
युवराज टॅक्स कन्सल्टंटकडं. हुशार आहे, पण बोलताना स्क्रीनकडं बघतो. म्हणाला, अण्णा, नोकरदार दर वर्षी रेजीम बदलतो. तुमच्यासारख्या धंदेवाल्याला जुन्यातून नव्यात एकदाच येता येतं, मग जुन्याचं दार बंद. आणि जुन्यात राहिलात तरी सूट सगळी मिळून दोन लाखांपर्यंतच. बाकीचे चार हाताशी ठेवा, एनपीएसमध्ये टाकलेत तर साठीआधी सहज निघणार नाहीत.

मग म्हणाला, सगळा खेळ एका गोष्टीवर. आज कमाई जास्त आणि पुढं घटणार असेल तर आत्ता सूट घ्या. पुढं वाढणार असेल तर आत्ता भरून टाका. तुमची पुढं काय होणार. मी म्हणालो, वाढणार. तो म्हणाला, मग नवा घ्या. मी म्हणालो, जुना घेतो. आत्ता सुटत असेल तर आत्ता का भरावं. पुढच्या गुरुसिद्धप्पाकडं जास्त पैसे असणार, त्याला भरू दे की.

युवराज पहिल्यांदा स्क्रीनवरून माझ्याकडं वळला. पटलं असावं.

१२ मार्च.
ईरण्णाचं नवीन खूळ. वीस वर्षं माझ्या हाताखाली आहे, पाना कसा धरायचा तेही मीच शिकवलं. म्हणतो, अण्णा, प्लॉटच्या पैशातनं स्कॅनर घ्यावा का. नव्या गाड्या आता कॉम्प्युटरशीच बोलतात. मी म्हणालो, माझ्या कानाला चार्जिंग लागत नाही. पोरं हसली. ईरण्णा हसला नाही. जरा वेळानं जवळ येऊन हळू म्हणाला, मग आजच्या दिवस नळी डाव्या कानाला लावून बघा की. मी म्हणालो, त्या कानाला पस्तीस वर्षांचा अनुभव नाही.

हळू बोलला तरी ऐकू आलं. कान शाबूत असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे.

१४ मार्च. धुळवड.
गॅरेज अर्धा दिवस. हिशेब बघितला तर ध्यानात आलं, पाचपासून आजपर्यंत अकरा गाड्यांना कान लावला आणि अकराच्या अकरा क्लीन. नळीतून खडखड नाही, टकटक नाही, काहीच नाही. नुसती शांतता आणि ती शिट्टी. इतकी चांगली इंजिनं दहा दिवसांत मी आयुष्यात बघितली नव्हती. लोक मेंटेनन्स करायला शिकले. उशिरा का होईना.

१७ मार्च.
ईरण्णा आळशी झालाय. मी क्लीन म्हटलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये अर्धा अर्धा तास डोकं घालून बसतो. विचारलं तर म्हणतो, पाना आत राहिला होता. काल एका क्लीन गाडीचा इंजेक्टरच बदलला. म्हणतो, ड्रायव्हर मागं लागला होता. ड्रायव्हर तर कँटीनमध्ये झोपला होता. मी बघितला.

घरी मल्लम्मा भाकरी थापताना कानडीत पुटपुटली, किवुडा. म्हणजे बहिरा. तिला वाटलं माझा उजवा कान तिच्याकडं आहे. ऐकलं पण बोललो नाही. उलट तिला नीट समजावून सांगितलं: आजार काय, टॅक्स काय, तत्त्व एकच. आत्ता सूट, नंतर भरणा. मार्चची कमाई आत्ता पदरात, कानाचं एप्रिलमध्ये बघू. ती म्हणाली, आणि एप्रिलमध्ये भरायला काही उरलंच नसलं तर. मी म्हणालो, टॅक्समधलं तुला काय कळतंय. ती म्हणाली, मी भाकरीचं विचारतेय.

१९ मार्च. सकाळी ६.
डॉक्टरचे दोन आठवडे आज पूर्ण. काहीही झालेलं नाही. कान जसा पाच तारखेला होता तसाच आहे, शिट्टी तेवढीच, वाढ नाही. म्हणजे मुदत निभावली. मल्लम्माला सांगितलं. ती कपाटाकडं गेली, गोळ्यांची पट्टी काढली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि परत ठेवली. हरली की ती अशीच गप्प होते.

संकल्प: कानाचा विषय वहीत पुन्हा नाही.

२२ मार्च. शनिवार.
ईरण्णा मेव्हणीच्या लग्नाला बसवकल्याणला. बरं वाटलं. आज कुणी माझ्या मागं बॉनेट उघडत नव्हतं, कामं पटापटा उरकली. दुपारी लिंबाजी आला. भूमकडच्या ईट गावचा, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, तूरडाळ घेऊन हैदराबादला चाललेला. म्हणाला, अण्णा, चढाला काहीतरी वाजल्यागत वाटतंय, कान लावा जरा. नळी लावली. पाच मिनिटं ऐकलं. एकदम शांत. सांगितलं, क्लीन, बिनघोर जा. तो हात जोडून गेला. पैसे घेतले नाहीत. इतक्या जुन्या माणसाकडून नुसत्या कानाचे काय घ्यायचे.

२४ मार्च. सकाळी ११.
लिंबाजीच्या गाडीचं इंजिन हुमनाबादच्या पुढं जाम झालं. बेअरिंग गेलं, रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी रस्त्यातच थांबली, मागून कंटेनर घासून गेला. लिंबाजीचा हात दोन ठिकाणी मोडला. इथल्याच दवाखान्यात आणलाय.

ऑइल बदललं नसणार. हे लोक ऑइलवर पैसे वाचवतात.

२५ मार्च.
लिंबाजीला बघून आलो. शहाळी नेली. पलंगाशी त्याची म्हातारी आई दगडाबाई बसलेली. मी डाव्या बाजूला स्टूल ओढलं. लिंबाजी म्हणाला, अण्णा, तुमचा काय दोष न्हाय. वाजत व्हतं ते मला लई ऐकू येत व्हतं. पर म्हटलं अण्णा क्लीन म्हणालेत, म्हंजी आपल्यालाच भास व्हतोय. म्हणून थांबलो न्हाय.

बघा. आवाज आला की थांबायचं, हा पहिला नियम. चूक स्वतःच कबूल केली त्यानं.

दगडाबाई माझ्याकडं बघत राहिली. निघताना म्हणाली, बाबा, तू तरी आता डागदरला दाखव. ही बातमी ईटपर्यंत कोणी पोचवली, ते शोधायला हवं.

२६ मार्च.
दिवसभर एकही गाडी कान लावायला आली नाही. पाडव्याआधी धंदा मंदच असतो. ईरण्णा मागच्या बाजूला फोनवर होता, पाठ माझ्याकडं. सगळं ऐकलं. रोडलगतच पाहिजे, म्हणत होता. दोन गाळे चालतील, पण पुढं ट्रक वळला पाहिजे. आणि बसव जयंतीच्या आत. पोरीच्या लग्नासाठी कार्यालय बघत असणार. वऱ्हाडाला ट्रक करतोय म्हणजे पाहुणे बरेच. विचारलं नाही, स्वतः सांगेल. मनात ठरवलं, मांडवाचा खर्च आपण उचलायचा.

३० मार्च. पाडवा. सकाळी ९.
मुहूर्तावर काम केलं. शिवप्रिया गुढीसाठी आली होती, तिच्याच हातानं मोबाईलवरून एनपीएसमध्ये पैसे टाकले. ती म्हणाली, दोन लाख टाकू ना, युवराजकाकांनी तेवढंच सांगितलंय. मी म्हणालो, सहा. ती म्हणाली, अप्पा, चारवर सूट मिळणार नाही आणि हातात काहीच राहणार नाही. मी म्हणालो, अर्धं इंजिन बांधून मी कधी गाडी सोडली आहे का. तिनं मल्लम्माकडं बघितलं. मल्लम्मा गुढीला साखरेची गाठी बांधत होती, मान वर केली नाही. शिवप्रियानं तीन वेळा विचारलं, टाकू का. मी तीन वेळा ऐकलं, तीन वेळा हो म्हणालो.

पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा ऊर भरून आला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा म्हातारपणाची काळजी मिटली. आता सत्तरीपर्यंत निवांत काम करायचं.

४ एप्रिल. सोलापूर.
ठरल्याप्रमाणे एकतीसनंतर आलो. मी शब्दाचा पक्का.

काचेच्या खोलीत बसवलं, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डाव्या कानाला तर मुंगी चालली तरी दाबलं असतं. उजव्याला सुरुवातीला काही येईना, मग ध्यानात आलं की काचेपलीकडची मुलगी आवाज सोडताना खांदा हलवते. खांदा हलला की दाबायचो. सहा वेळा बरोबर आलं. मग तिनं उठून खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसली.

डॉक्टरनं कागद पुढं ठेवला. डाव्याची रेघ वर. उजव्याची तळाला टेकलेली. विचारलं, कधीपासून. शिवप्रिया म्हणाली, आज तीस दिवस. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मशीन बसवता येईल का विचारलं तर म्हणाले, मशीन आवाज मोठा करतं, इथं मोठं करायलाच काही उरलं नाही. आता गॅरेजचा आवाज बंद करा, डावा जपा.

येताना शिवप्रिया गाडी चालवत होती. नळदुर्ग गेल्यावर तिनं काहीतरी विचारलं असावं. ती माझ्या उजवीकडं होती.

६ एप्रिल.
डाव्या कानाला नळी लावून बघितली. आवाज सगळे येतात. कुठून येतात ते कळत नाही. बाजारात सगळे एकदम बोलावेत तसं. सवयीनं जमेल. शिकायला पहिल्यांदा नऊ वर्षं लागली होती, आता अनुभव आहे, चार लागतील.

युवराजला फोन केला. म्हणालो, एनपीएसमधले थोडे काढायचे झाले तर. एक स्कॅनर बघून ठेवलाय. त्यानं मार्चमध्ये सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, साठीआधी सहज निघणार नाहीत.

३० एप्रिल. बसव जयंती.
समोरच्या बाजूला, शंभर पावलांवर, ईरण्णाच्या गॅरेजचं उद्घाटन. मला नारळ फोडायला बोलावलं. पाया पडला, रडला. म्हणाला, अण्णा, पोटासाठी करतोय. मार्चच्या बावीस तारखेला मी लग्नाला गेलो नसतो तर लिंबाजीची गाडी मी जाऊ दिली नसती. वीस दिवस मागं मागं बघत होतो, तेवढा एक दिवस चुकला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणालो, पाना कसा धरायचा ते मीच शिकवलंय, म्हणजे हे गॅरेज आपलंच. आत कर्जावर आणलेला स्कॅनर आहे. बारीकशी वस्तू. गाडीला वायर लावली की स्क्रीनवर लिहून येतं.

ढोकीच्या तीन गाड्या त्याच्याकडं उभ्या होत्या. आज सण म्हणून.

१४ जून. शनिवार. दुपारी ४.
युवराजनं बोलावलं. ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता उद्यापर्यंत भरायचा म्हणून या वर्षीच्या कमाईचा अंदाज मांडायचा होता. एप्रिल, मे, जूनचे आकडे सांगितले. त्यानं दोनदा टाईप केले. पुन्हा विचारलं, महिन्याचे ना. मी म्हणालो, तिन्ही मिळून.

मग स्क्रीन माझ्याकडं फिरवली, आणि आवाज वाढवून, डाव्या बाजूला वाकून बोलला. म्हणाला, अण्णा, एक सांगू का. मागच्या वर्षी तुम्ही जुना रेजीम घेतलात ते टॅक्सच्या हिशेबानं अगदी बरोबर निघालं. पुढं कमाई पडणार असेल तर हेच करायचं असतं. मी म्हणालो, मला तेव्हाच दिसत होतं. बाहेर बसलेल्या दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणालो.

हप्ता किती भरायचा विचारलं. म्हणाला, काहीच नाही. या अंदाजानं वर्षाचा टॅक्स शून्य. मल्लम्माला फोन करून कळवलं. ती म्हणाली, येताना ज्वारी आणा, पाच किलोच आणा.

निघताना युवराजनं विचारलं, फाईलला लिहून ठेवतो, या वर्षी जुना धरू की नवा. दोन्हीत शून्यच आहे, तुम्ही म्हणाल तो. मी दोन दिवस मागून घेतले आहेत. असले निर्णय घाईत घ्यायचे नसतात.